एफईसीचं संकेतस्थळ: गव्हर्नरच्या मोहिमेतलं तेल इथं किती सापडतं?

सेवा: अमेरिकेच्या फेडरल इलेक्शन कमिशनचं (एफईसी) निवडणूक निधी शोधण्याचं संकेतस्थळ. दर: फुकट, नोंदणीसुद्धा नाही. गुण: पैसे मोजायला पाचपैकी साडेचार, लागेबांधे शोधायला पाचपैकी दोन.

एकाच दुकानाला दोन वेगळे गुण का, ते पुढं येईलच.

गोव्यात मुरगाव बंदरातल्या कोळशाचा किंवा मोलेंतून जाणाऱ्या तमनार वीजवाहिनीचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला कुणीतरी विचारतंच, निवडणुकीला पैसे कुणी पुरवले? आणि चर्चा तिथंच अडते, कारण कुणाच्याच हातात कागद नसतो. अमेरिकेत हा कागद घरबसल्या काढता येतो. तो कसा काढायचा आणि कुठं फसवतो, हे एका खऱ्या मोहिमेवर तपासलेलं बरं. त्यासाठी निवडले आहेत डग बर्गम. नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर असताना ७ जून २०२३ रोजी फार्गो शहरात त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली आणि ४ डिसेंबरला ती मागं घेतली. सहा महिन्यांची मोहीम, म्हणजे आवाक्यातला हिशेब. शिवाय नॉर्थ डकोटा हे टेक्सस आणि न्यू मेक्सिकोच्या खालोखाल तेल काढणारं राज्य. चाचणीला याहून चांगला नमुना नाही.

एक खुलासा आधीच करायला हवा. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या काबो राजवाड्यातले राज्यपाल नव्हेत. तो लोकांनी थेट निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभारी असतो. खाणीचा, पाइपलाइनचा, वीजप्रकल्पाचा कागद त्याच्या टेबलावरून जातो, म्हणून तर त्याच्या देणगीदारांत इतरांना रस.

आता वापर. वरच्या शोधपट्टीत आडनाव टाकलं की दोन तऱ्हेचे निकाल येतात, उमेदवार आणि समिती, म्हणजे त्याच्या नावानं पैसे जमवणारी आणि खर्चणारी नोंदणीकृत संस्था. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा क्रमांक ‘पी’नं सुरू होतो, सिनेटचा ‘एस’नं, प्रतिनिधीगृहाचा ‘एच’नं. समितीचा क्रमांक ‘सी’ आणि पुढं आठ आकडे. हे दोन्ही क्रमांक पहिल्याच मिनिटाला कागदावर उतरवून ठेवा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढताना सर्व्हे नंबर आणि पोटविभाग हाताशी असला की काम दोन मिनिटांचं, आणि नुसत्या नावावर शोधायला गेलं की दुपार जाते, हा गोव्यातला अनुभव इथं जसाच्या तसा लागू पडतो. नावात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ओळी गळतात, क्रमांकात तसं होत नाही.

उमेदवाराच्या पानावर आर्थिक गोषवारा दिसतो. इथं बहुतेकांची पहिली चूक होते: ‘एकूण जमा’ पाहून उमेदवार किती लोकप्रिय ते ठरवणं. बर्गम यांच्या पहिल्या तिमाहीत जमेचा मोठा भाग, १ कोटी डॉलरहून जास्त, त्यांचा स्वतःचाच होता. ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर ही त्यांची कंपनी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं १.१ अब्ज डॉलरला घेतली होती, तेव्हा हे परवडण्यासारखं होतं. म्हणून गोषवाऱ्यात खाली उतरून तीन ओळी वेगवेगळ्या वाचायच्या: व्यक्तींच्या देणग्या, उमेदवाराची स्वतःची देणगी आणि उमेदवारानं दिलेलं कर्ज. देणगी दिली ती दिली. कर्ज मात्र नंतर येणाऱ्या देणग्यांतून परत फेडता येतं. निवडणुकीनंतरच्या अशा परतफेडीवर पूर्वी अडीच लाख डॉलरची मर्यादा होती, ती सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये टेड क्रूझ यांच्या खटल्यात रद्द केली. म्हणजे निवडणूक आटोपल्यावर आलेला देणगीदार थेट उमेदवाराचा खिसा भरत असू शकतो. कर्जाचा तपशील शेड्यूल सी, म्हणजे अहवालाच्या एका जोडपत्रामध्ये असतो आणि तो स्वतंत्र उघडावा लागतो.

शेड्यूलची अक्षरं एकदा पाठ झाली की साइट हातात येते. ए म्हणजे जमा, बी म्हणजे खर्च, सी कर्ज, डी थकबाकी, ई म्हणजे बाहेरच्यांनी उमेदवारासाठी किंवा त्याच्या विरोधात केलेला स्वतंत्र खर्च. राष्ट्राध्यक्षपदाच्या समितीचा अहवाल फॉर्म ३पी वर येतो, पॅकचा, म्हणजे उमेदवाराबाहेरच्या राजकीय निधी-समितीचा, फॉर्म ३एक्स वर.

या मोहिमेचा सगळ्यात गाजलेला भाग एक डॉलरचा होता, आणि साइटची पहिली मर्यादा नेमकी तिथंच उघडी पडते. रिपब्लिकन पक्षाच्या २३ ऑगस्ट २०२३ च्या मिल्वॉकीतल्या वादसभेत उभं राहायचं तर किमान ४० हजार वेगवेगळे देणगीदार हवेत, त्यातही वीस राज्यांत प्रत्येकी २०० तरी हवेत, अशी अट होती. जनमत चाचण्यांची अट वेगळी. देशभरात ओळख नसलेल्या गव्हर्नरच्या मोहिमेनं मग योजना काढली: एक डॉलर द्या, २० डॉलरचं गिफ्ट कार्ड घ्या, पहिल्या ५० हजार लोकांना. पुरी वापरली गेली तर खर्च १० लाख डॉलर, जमा ५० हजार. एका देणगीदारामागं १९ डॉलरचा तोटा. हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो, पण विकत घेतलेली वस्तू देणगी नव्हतीच, मंचावरची जागा होती. ती मिळाली.

गोव्यातल्या वाचकाला कार्डाचं नवल नाही. २०२१ च्या डिसेंबरात तृणमूलचं महिन्याला ५,००० रुपयांचं वचन देणारं गृहलक्ष्मी कार्ड आलं होतं, त्याआधी आपची ३०० युनिट मोफत विजेची हमी. फरक एवढाच की आपल्याकडचं कार्ड निवडून आल्यानंतरचा वायदा करतं, बर्गम यांचं कार्ड रोख होतं आणि ते मतासाठी नव्हतं, देणगीसाठी होतं. मतासाठी वस्तू देणं तिकडेही गुन्हा आहे, आणि आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये ते भ्रष्ट आचरण ठरतं.

आता हे ५० हजार लोक साइटवर शोधून दाखवा! समितीच्या यादीत ते दिसायचे नाहीत. एका व्यक्तीची त्या निवडणूक चक्रातली एकूण देणगी २०० डॉलरच्या पुढं गेली तरच नाव, गाव, धंदा आणि मालक लिहून द्यावा लागतो. त्याखालचे सगळे एका ओळीत गोळा होतात, ‘तपशील न दिलेल्या देणग्या’. यावर एक आडवाट आहे. देणगी विनरेड (रिपब्लिकन) किंवा ॲक्टब्लू (डेमोक्रॅट) यांसारख्या मध्यस्थामार्फत आली असेल तर तो मध्यस्थ स्वतः एफईसीला हिशेब देतो आणि त्याला एक डॉलरवाल्याचंही नाव लिहावं लागतं. म्हणून शोध समितीकडून नव्हे, मध्यस्थाच्या अहवालातून लावायचा. मात्र मध्यस्थाचा अहवाल बिगरनिवडणूक वर्षात सहामाही येऊ शकतो, समितीचा तिमाही. जुलैच्या मध्याला एक आणि महिनाअखेरीस दुसरा, अशी वाट पाहावी लागते.

याच ठिकाणी बेरीज दुप्पट होण्याचा धोका आहे. मध्यस्थाची एकगठ्ठा रक्कम समितीच्या यादीत ‘मेमो’ ओळ म्हणून येते आणि तीच रक्कम देणगीदारांच्या नावानंही येते. मेमोच्या रकान्यात ‘एक्स’ असेल ती ओळ बेरजेत धरायची नाही. साइटवर ही सूचना आहे, पण उतरवलेल्या फाइलमध्ये ती सूचना कुणी चिकटवून देत नाही. अर्धे चुकलेले तक्ते याच एका रकान्यापायी चुकतात.

कार्डावरचा खर्च शेड्यूल बी मध्ये वर्णनाच्या रकान्यातून शोधावा. नाही सापडला तर खर्च झाला नाही असं समजू नका. मोहिमा एखाद्या सल्लागार कंपनीला ठोक रक्कम देतात आणि त्या कंपनीनं पुढं कुणाला काय दिलं याची फोड बहुधा येत नाही. मांडववाल्याला एकच बिल, आत खुर्च्या किती आणि भजी किती हे त्याचं त्याला ठाऊक.

ऊर्जा कंपन्यांचा शोध घ्यायला व्यक्तींच्या देणग्यांचं पान उघडून ‘मालक’ या रकान्यात कंपनीचं नाव टाकतात. कंपनी स्वतः उमेदवाराला पैसे देऊ शकत नाही, ती बंदी १९०७ पासून आहे. म्हणून आपण पाहतो ते तिथल्या नोकरदारांचं आणि मालकांचं. २०२३-२४ च्या चक्रात एका व्यक्तीला एका निवडणुकीमागं ३,३०० डॉलर, म्हणजे प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) आणि मुख्य मिळून ६,६०० एवढीच मुभा होती. रकान्यातला मजकूर देणगीदार स्वतः भरतो. कॉन्टिनेन्टल रिसोर्सेस ही तेलकंपनी घ्या. ‘कॉन्टिनेन्टल रिसोर्सेस’, ‘कॉन्टिनेन्टल रिसोर्सेस इंक’, नुसतं ‘कॉन्टिनेन्टल’, तिन्ही वेगवेगळे धरले जातात. शिवाय कॉन्टिनेन्टल नावाच्या इतर कंपन्याही आहेतच. तेलविहिरीचा मालक ‘स्वयंरोजगार’ लिहितो, निवृत्त अधिकारी ‘निवृत्त’, त्याची पत्नी ‘गृहिणी’. काही ओळींत ‘माहिती मागवली आहे’ एवढंच असतं. समितीनं प्रामाणिक प्रयत्न केला एवढं दाखवलं की कायद्याचं समाधान होतं.

यावर उपाय आहे, वेळखाऊ असला तरी. आधी मालकाच्या नावाचा सगळ्यात छोटा ओळखीचा तुकडा टाकून शोधा. मग आलेल्या नावांचे पत्त्याचे पिनकोड घेऊन त्याच घरातल्या इतर देणग्या पाहा. मग धंद्याच्या रकान्यात ‘भूगर्भशास्त्रज्ञ’, ‘लँडमन’, ‘पाइपलाइन’ असे शब्द इंग्रजीत टाका. लँडमन म्हणजे तेलकंपनीसाठी जमिनीचे करार जमवणारा माणूस, हा शब्द बाहेरच्याला सुचत नाही आणि मासे तिथंच गळाला लागतात. एवढं करायचं नसेल तर ओपनसीक्रेट्स ही संस्था एफईसीचीच माहिती घेऊन उद्योगवार वर्गवारी करून देते. एफईसी स्वतः ‘तेल व वायू’ असा शिक्का कुणावरही मारत नाही. माझ्या मते ते बरोबर आहे. सरकारी दप्तरानं शिक्के मारायला लागावं अशी इच्छा करण्याआधी आपलं सरकारी दप्तर आठवावं.

निकाल मोठा असला तर निर्यात करा. पानावरून एका वेळी ५ लाख ओळींपर्यंतच फाइल निघते. त्यापुढं घाऊक फाइली आहेत, त्यांत रकान्यांमध्ये स्वल्पविराम नसून उभी रेघ असते, हे एक्सेलला आधी सांगावं लागतं. एक्सेल १०,४८,५७६ ओळींपुढं जात नाही आणि वैयक्तिक देणग्यांची घाऊक फाइल त्याच्या कितीतरी पुढं जाते. पिनकोडचे सुरुवातीचे शून्य एक्सेल गिळतं, म्हणून तो रकाना उघडतानाच ‘मजकूर’ ठरवून घ्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एपीआय आहे, चावी ईमेल देऊन फुकट मिळते, तासाला १,००० हाका आणि एका पानावर जास्तीत जास्त १०० ओळी. चावी न घेता नमुन्याच्या चावीवर काम चालवलं तर काही मिनिटांतच दार बंद होतं.

अहवालांच्या पानावर ‘प्रक्रिया केलेली’ आणि ‘कच्ची’ अशी दोन बटणं आहेत. कच्ची माहिती अहवाल येताच दिसते, प्रक्रिया केलेलीला दिवस लागतात. घाई असेल तर कच्ची घ्या, पण सुधारित अहवाल आला असेल तर मूळ आणि सुधारित असे दोन्ही मोजले जाणार नाहीत ना, ते हातानं पाहा.

उमेदवाराच्या समितीपुरतं थांबलं तर अर्धं चित्र मिळतं. बर्गम यांच्यासाठी ‘बेस्ट ऑफ अमेरिका’ नावाचा सुपर पॅक होता. २०१० च्या न्यायनिवाड्यांनंतर सुपर पॅकला कंपन्यांकडून कितीही रक्कम घेता येते, फक्त उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. ऊर्जा कंपनीचं नाव सरळ, पूर्ण स्पेलिंगनिशी दिसण्याची जागा हीच. इथं ‘मालक’ सोडून ‘देणगीदार’ या रकान्यात कंपनीचं नाव टाकावं. उमेदवाराच्या पानावर ‘इतरांनी केलेला खर्च’ हा विभाग उघडला की तिथून पॅकचा क्रमांक मिळतो.

साडेचार गुण इथवरच्या कामाचे. आता दोन गुण का, ते.

बर्गम २०१६ मध्ये आणि मग २०२० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्या निवडणुकांच्या देणग्या एफईसीवर शोधल्या तर काही सापडणार नाही. राज्याच्या निवडणुकीचा हिशेब राज्याकडे, नॉर्थ डकोटाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या वेगळ्या साइटवर असतो. पन्नास राज्यांच्या पन्नास साइट, पन्नास तऱ्हा. गव्हर्नरचे उद्योगाशी जुने संबंध तपासायचे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. ‘एफईसीवर काही नाही, म्हणजे काही नाही’ हा निष्कर्ष वारंवार छापून येतो आणि तो चुकीचा असतो.

मग उमेदवाराची जाहीर तत्त्वं आणि तेल जिथं एकमेकांना भेटतात ती जागा. बर्गम यांच्या कार्यक्रमाचे तीन खांब होते: अर्थव्यवस्था, ऊर्जा, राष्ट्रीय सुरक्षा. ऊर्जेबद्दलचं म्हणणं असं की बंधनं नकोत, तंत्रज्ञान हवं. याच सूत्रावर त्यांनी मे २०२१ मध्ये तेल उद्योगाच्याच परिषदेत नॉर्थ डकोटा २०३० पर्यंत कार्बन-तटस्थ करू असं जाहीर केलं होतं. तेल आणि लिग्नाइट (तपकिरी कोळसा) चालूच ठेवायचं, निघालेला कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडायचा. शेजारच्या राज्यांतल्या इथेनॉल कारखान्यांतला वायू नळानं आणून नॉर्थ डकोटाच्या खडकात पुरण्याची समिट कार्बन सोल्यूशन्सची योजना याच चौकटीतली. हॅरल्ड हॅम यांच्या कॉन्टिनेन्टल रिसोर्सेसनं मार्च २०२२ मध्ये त्यात २५ कोटी डॉलर घालण्याचं जाहीर केलं. या धंद्याचं गणित गाडलेल्या टनामागं ८५ डॉलरच्या केंद्रीय करसवलतीवर उभं आहे, आणि ती ५० वरून ८५ वर नेली २०२२ च्या बायडन यांच्या कायद्यानं. प्रचारात बायडन यांच्या ऊर्जाधोरणावर टीका आणि नळाचा ताळेबंद त्यांच्याच सवलतीवर, हा विरोधाभास एफईसीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यातही महत्त्वाचं म्हणजे गव्हर्नर नॉर्थ डकोटाच्या इंडस्ट्रियल कमिशनचा अध्यक्ष असतो. सोबत ॲटर्नी जनरल आणि कृषी आयुक्त. तेलविहिरींचं नियमन या तिघांकडे, कार्बन साठवणुकीची परवानगीही याच तिघांकडे. राज्याच्या लोकसेवा आयोगानं (हा नोकरभरतीचा नव्हे, नळमार्गांसारख्या सेवांचं नियमन करणारा) समिटच्या नळमार्गाला ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे ऐन मोहिमेत, नकार दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये होकार दिला. साठवणुकीला इंडस्ट्रियल कमिशनची मंजुरी डिसेंबर २०२४ मधली. हे सगळं बैठकांच्या इतिवृत्तांत सापडतं. गोव्यात जमीन रूपांतराचा अर्थ देणगीच्या पावतीपेक्षा नगरनियोजन मंडळाच्या इतिवृत्तात जास्त कळतो, तसाच प्रकार. मेडोरा इथल्या थिओडोर रूझवेल्ट ग्रंथालयासाठी बर्गम यांनी पुढाकार घेतला होता, त्याला हॅम यांच्याकडून ५ कोटी डॉलरची देणगी मिळाली. ग्रंथालय धर्मादाय संस्था आहे, तेव्हा तेही एफईसीच्या बाहेर.

उमेदवाराच्या खासगी मालमत्तेसाठी फॉर्म २७८ई पाहावा. उमेदवार झाल्यापासून ३० दिवसांत तो भरायचा असतो, मुदतवाढ ४५-४५ दिवसांची दोनदा मिळते. म्हणजे वादसभा होऊन गेली तरी फॉर्म यायचा असू शकतो. तो शोधायला ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट एथिक्सच्या साइटवर जा. बर्गम जानेवारी २०२५ मध्ये ७९ विरुद्ध १८ मतांनी अंतर्गत खात्याचे (गृहखातं नव्हे, केंद्राच्या जमिनी सांभाळणारं खातं) मंत्री झाले, त्या नियुक्तीच्या वेळचा फॉर्मही तिथंच. यात मालमत्तेच्या किमतीचा नेमका आकडा नसतो, पट्टे असतात: १,००१ ते १५,०००, मग ५०,००० पर्यंत, मग १ लाख, असे चढत्या क्रमानं. बर्गम कुटुंबाच्या जमिनीचा तेलासाठीचा करार कॉन्टिनेन्टलशी असल्याचं पत्रकारांनी असा फॉर्म आणि राज्याच्या नोंदी ताडून काढलं. एका कागदावर ते दिसलं नसतं. या फॉर्मवर मालकी बहुधा एखाद्या एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपनीच्या) नावानं असते, म्हणून त्या एलएलसीचं नाव राज्याच्या कंपनी नोंदणीत आणि काउंटीच्या जमीन दप्तरात टाकावं लागतं.

आपल्याकडच्या सोयीशी तुलना अपरिहार्य आहे. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपयांची खर्चमर्यादा, हिशेब निकालानंतर ३० दिवसांत, आणि पक्षांना २० हजारांवरच्या देणग्यांची यादी वर्षातून एकदा. प्रतिज्ञापत्रं मिळतात, पण स्कॅन केलेली. त्यांत शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही, आणि शिक्का नेमका आकड्यावर बसलेला असतो. अमेरिकेत कच्चा अहवाल यंत्राला वाचता येईल अशाच स्वरूपात येतो. उलट आपल्याकडे खर्चाला मर्यादा आहे, तिकडे नाही. आणि एफईसीला दात फार नाहीत. सहा सदस्य, निर्णयाला चार मतं लागतात. मे २०२५ मध्ये तर गणसंख्याच तुटली. साइट सुरू राहते, अहवाल येत राहतात, तक्रारींचा निकाल तेवढा अडतो.

काही बारीकसारीक. तिमाही अहवालाची मुदत वॉशिंग्टनच्या मध्यरात्री संपते, म्हणजे जुलैत गोव्यातले सकाळचे साडेनऊ, जानेवारीत साडेदहा. शनिवार-रविवार आला तरी मुदत पुढं जात नाही. १५ जुलै २०२३ हा शनिवार होता, त्यामुळं बर्गम यांचा पहिला हिशेब गाठायला इथं रविवारची सकाळ मोडावी लागली असती. मोबाइलवर चाळणीचा डावा पट्टा अख्खा पडदा झाकतो आणि वर्षाची चाळणी आधीच लावलेली असते ती दिसतच नाही. २०२३-२४ ऐवजी चालू चक्र निवडलेलं राहतं आणि निकाल शून्य. लॅपटॉप घ्या. प्रचाराची स्वतःची वेबसाइट उमेदवारी मागं घेतल्यावर बदलते किंवा बंद पडते, म्हणून जाहीरनाम्याचं पान वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवरून तारखेनिशी उतरवून घ्या. आणि यादीतले पत्ते वर्गणी मागायला किंवा माल विकायला वापरणं तिकडच्या कायद्यानं मना आहे. त्यासाठी समित्या यादीत काही बनावट नावं मुद्दाम पेरू शकतात, कायदा त्यांना एका अहवालात दहा नावांची मुभा देतो. शोधताना एखादा देणगीदार पृथ्वीवर कुठंच सापडला नाही तर तो त्या दहांपैकी असू शकतो.